रूप पालटलें कीं पदार्थ पालटला?

देवघरांतील कापराची वडी दोन रीतींनीं नाहींशी होते. आरतीच्या वेळीं ती पेटविली म्हणजे पाहतां पाहतां जळून जाते. आणि डबीचें झांकण सैल राहिलें, तर कोणी काडी न लावतांहि ती दिवसेंदिवस झिजत जाऊन अखेर डबी रिकामी होते. दोनहि प्रसंगीं डोळ्यांना दिसतें तें एकच: कापूर होता, तो आतां नाहीं. परंतु ह्या दोन नाहींशा होण्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

डबींतून उडून गेलेला कापूर कापूरच राहिलेला असतो. घनरूप सोडून तो वायुरूपानें खोलीभर पसरतो, एवढेंच. नाकाला जो वास येतो तो त्याचाच. कापराची बरणी उबदार जागीं ठेवली, तर तिच्या थंड झांकणाला आंतून पांढरे स्फटिक चिकटलेले आढळतात, तेहि कापराचेच. आरतींतला कापूर मात्र खरोखरच संपतो. त्याच्या जागीं कार्बन डायॉक्साइड वायु, पाण्याची वाफ आणि थोडी काजळी उत्पन्न होते. आणि ह्यांपैकीं कशालाहि कापराचा वास नसतो. पहिल्या प्रकारास भौतिक फेरफार म्हणतात, दुसऱ्यास रासायनिक फेरफार. पहिल्यांत पदार्थाचें रूप पालटतें. दुसऱ्यांत पदार्थच पालटतो.

हे दोन प्रकार ओळखावे कसे? शाळेंत शिकलेला एक सोपा नियम पुष्कळांच्या ध्यानांत असतो: जो बदल उलटवितां येतो तो भौतिक, आणि जो उलटवितां येत नाहीं तो रासायनिक. पाण्याचा बर्फ होतो व बर्फाचें पुन्हां पाणी होतें, म्हणून तो बदल भौतिक. लांकडाची राख होते पण राखेचें लांकूड होत नाहीं, म्हणून तो रासायनिक. उदाहरणें बरोबर आहेत. नियम मात्र फसवा आहे. गिरणींतून दळून आणलेल्या पिठाचे पुन्हां अखंड गहूं कोणाला करतां येतील काय? फुटलेला आरसा पूर्वीसारखा सांधतां येईल काय? तरीहि पीठ हें गव्हाचेंच आहे आणि कांचेचा तुकडा हा कांचच आहे. हे बदल न उलटणारे असूनहि भौतिकच होत.

उलट बाजूचें उदाहरण घराच्या भिंतीवरच सांपडतें. चुनखडीचा दगड भट्टींत सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, म्हणजे त्यांतून कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागें राहतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली, तर चुना ५६ किलो मिळतो. उरलेले ४४ किलो वायुरूपानें हवेंत जातात. ह्या चुन्यावर पाणी ओतलें कीं तो तडकतो, फुलतो, वाफा सोडतो, आणि इतका तापतो कीं त्यांत हात घालण्याची सोय नसते. असा विरलेला चुना पाण्यांत कालवून भिंतीला दिला, म्हणजे तो हवेंतील कार्बन डायॉक्साइड हळूहळू शोषून घेतो व पाणी सोडून देतो. कांहीं दिवसांनीं भिंतीवर जो कठीण, पांढरा थर उरतो, तो रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पुन्हां चुनखडीच असतो. निघालों तेथेंच परत यावें, तसा हा प्रवास आहे. तरी त्यांतील प्रत्येक टप्पा रासायनिक आहे. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनीं १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें कोडें तराजूच्या साहाय्यानें उलगडलें. चुनखडी भट्टींत जें वजन गमावते, तें तिच्या पोटांत बांधून राहिलेल्या एका वायूचें असतें, असें त्यांनीं दाखविलें.

तेव्हां विचारावयाचा प्रश्न "हें उलटवितां येईल काय?" हा नव्हे. खरा प्रश्न असा कीं, "आरंभीं जो पदार्थ होता, तोच शेवटीं आहे काय?" प्रत्येक पदार्थ अतिसूक्ष्म रेणूंचा किंवा अणूंचा बनलेला असतो. पाण्याच्या रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु व ऑक्सिजनचा एक अणु एकमेकांस जखडलेले असतात. बर्फांत हेच रेणु ओळीनें बसलेले, पाण्यांत एकमेकांवरून घसरणारे आणि वाफेंत मोकळे उधळलेले असतात; पण रेणु तोच. रासायनिक फेरफारांत मात्र ही जखडण तुटते, अणूंची नवी जुळणी होते आणि नवा पदार्थ जन्मास येतो. अणु कोठें नष्ट होत नाहींत. त्यांचें बिऱ्हाड तेवढें बदलतें.

अर्थात् रेणु डोळ्यांना दिसत नाहींत. म्हणून बाह्य खुणांवर विसंबावें लागतें: रंग पालटणें, बुडबुडे येणें, उष्णता किंवा प्रकाश निघणें, नवा वास येणें. ह्या खुणा उपयोगी आहेत. पण त्यांतली एकटी एक खूण साक्षीला पुरेशी नाहीं. सोडावॉटरची बाटली उघडली कीं बुडबुडे उसळतात. तेथें दाबून विरघळविलेला वायु, दाब कमी होतांच, बाहेर पडत असतो. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलें तरीहि बुडबुडे येतात. तेथें मात्र तोच वायु नव्यानें तयार होत असतो. लोहाराच्या भात्यापुढें लोखंड लाल होतें, तो केवळ उष्णतेचा रंग. पावसाळ्यांत खिळ्यावर चढतो तो तांबूस रंग गंजाचा, म्हणजे लोखंड, प्राणवायु आणि पाणी यांच्या संयोगाचा.

पुष्कळदां दोनहि प्रकारचे फेरफार एकाच ठिकाणीं, हातांत हात घालून चाललेले असतात. मायकेल फॅरडे यांनीं १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं, तीं केवळ एका मेणबत्तीवर. मेण वितळतें, वातींतून वर चढतें, त्याची वाफ होते. येथवर सर्व भौतिक. ती वाफ पेट घेते, तेथें रसायनाचा प्रांत सुरू होतो. मेणबत्ती हलकेंच विझवून वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला जळती काडी दाखविली, तर ज्योत त्या धुरावरून उडी घेऊन वातीला पुन्हां पेटविते; कारण तो धूर म्हणजे राख नव्हे, तें न जळलेलें मेणच होय. पण पेटत्या ज्योतीवर थंड, कोरडा चमचा क्षणभर धरला तर त्यावर जो दंव जमतो, तो मेणाचा नसून पाण्याचा असतो. मेणांत पाणी नव्हतें. तें ज्योतींत निर्माण झालें.

स्वयंपाकघरांतील कल्हईचीहि अशीच गोष्ट आहे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि धातूवरची मळकट पुटें निघून जातात. हें रासायनिक काम. मग कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतें, कापसाच्या बोळ्यानें पसरतें आणि थंड होऊन चकाकूं लागतें. हें मुख्यतः भौतिक. एवढा खटाटोप कशासाठीं? तर कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली असतां ती कळकूं नये म्हणून. कळकणें म्हणजे आंबट रसांतील अम्लानें तांब्याजस्ताशीं संयोग पावून नवे क्षार तयार करणें. भांड्यांतलें तांबें, तांब्याच्या रूपांत, निरुपद्रवी दिसतें. त्याचे क्षार आमटींत उतरले कीं उलटी आणि पोटदुखी यांना आमंत्रण मिळतें. अम्लाचा गुण एक, धातूचा गुण दुसरा आणि दोहोंपासून झालेल्या क्षाराचा गुण तिसराच. रासायनिक फेरफाराचें सर्वांत महत्त्वाचें लक्षण हेंच आहे: नवा पदार्थ जुन्या पदार्थांचे गुण वारशानें घेत नाहीं.

हें लक्षण केव्हां केव्हां जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतें. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमध्यें प्रोपेन व ब्युटेन हे वायु दाबानें द्रवरूपांत ठेवलेले असतात. नळी सैल राहिली कीं त्या द्रवाचा वायु होऊन घरांत पसरतो. हा फेरफार भौतिक. पदार्थ तोच राहतो. ह्या वायूंना स्वतःचा असा उग्र वास नसतो, म्हणून त्यांत मुद्दाम एक दुर्गंधी द्रव्य मिसळतात. आणि वायु गळला तर तें द्रव्यहि त्याच्याबरोबर येऊन घरांतल्या माणसांना सावध करतें. अशा वेळीं विजेचें बटण न दाबतां, काडी न ओढतां, सिलिंडर बंद करून दारेंखिडक्या उघडाव्या, हें बहुतेक घरांतून माहीत असतें.

परंतु तोच वायु बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरमध्यें जळूं लागला, म्हणजे गोष्ट निराळी होते. एका सिलिंडरांतील १४.२ किलो वायु पूर्णपणें जळण्यास सुमारें ५१ किलो प्राणवायु, म्हणजे दोनशें किलोंहून अधिक हवा लागते. खिडकी बंद असली कीं हवा अपुरी पडते, ज्वलन अर्धवट होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, चव नाहीं आणि वासहि नाहीं. सावध करणारें तें दुर्गंधी द्रव्य ज्योतींतच जळून गेलेलें असतें. नव्या पदार्थानें जुन्याचा इशारा मागें टाकलेला असतो. रक्तांतील हीमोग्लोबिनला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. डोकें दुखतें, चक्कर येते, हातपाय गळतात. आणि कडी काढण्याचें भान येण्यापूर्वींच माणूस शुद्ध हरपतो. थंडींत बंद खोलींत ठेवलेली कोळशाची शेगडीहि असाच घात करते. निखाऱ्याला धूर नाहीं, म्हणून भय नाहीं, असें मानणें ही घोडचूक होय. भय धुराचें नसतें. न दिसणाऱ्या नव्या पदार्थाचें असतें.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा आणि त्याचा जळका वायु बाहेर जाण्यास वाट ठेवावी. निळ्याऐवजीं पिवळी ज्योत किंवा भांड्याच्या बुडास धरणारी काजळी दिसली, तर ती हवा अपुरी पडत असल्याची खूण समजावी. मात्र ज्योत निळी आहे म्हणून खिडकी बंद करण्यास हरकत नाहीं, असें कदापि मानूं नये. कोणास चक्कर येऊं लागली तर त्याला प्रथम उघड्या हवेंत आणावें आणि विलंब न करतां वैद्यकीय मदत मिळवावी.

डबींतला कापूर नाहींसा झाला, तरी त्याचा वास त्याचा पत्ता सांगत राहतो. जळलेल्या कापराचा पत्ता मात्र असा लागत नाहीं. तेथें नव्यानें कोण आलें, याची चौकशी स्वतंत्रपणेंच करावी लागते. घरांतील कोणतीहि वस्तु तापतांना, आंबतांना किंवा जळतांना "हा पदार्थ अजून तोच आहे काय?" एवढा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो, तेथें रसायनशास्त्र पुस्तकांतून उतरून कामास लागलें, असें खुशाल समजावें.