सुट्या भागांसाठी नऊ हेलिकॉप्टरे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी म्हणून तयार होत असलेली नऊ हेलिकॉप्टरे कॅनडाने २०११ साली विकत घेतली; ती उडविण्यासाठी नव्हे, तर त्यांचे सुटे भाग काढून वापरण्यासाठी! खर्च हाताबाहेर गेल्याने अमेरिकेने ती योजना २००९ मध्ये गुंडाळली होती. तोवर तिच्यावर सुमारे तीन अब्ज डॉलर खर्ची पडले होते. कॅनडाला हा सारा माल १६ कोटी ४० लाख डॉलरांत मिळाला. सौदा स्वस्तच म्हणावयाचा. परंतु एका संपन्न राष्ट्राला दुसऱ्याची मोडीत निघालेली चीजवस्तू धुंडाळण्याची पाळी का यावी?

संकटात सापडलेल्या जहाजांवरील खलाशांना उचलून आणण्याचे काम कॅनडात ‘कॉर्मोरंट’ हेलिकॉप्टरे करतात. अमेरिकेने टाकून दिलेली हेलिकॉप्टरेही त्याच कुळातील. या कुळातील हेलिकॉप्टरांचा एक मोठा करार कॅनडाच्या आधीच्या सरकारने केला होता. ही ‘कॅडिलॅक’ गरिबाला कशाला हवी, अशा थाटाची टीका करीत सत्तेवर आलेल्या जाँ क्रेतिएन यांनी १९९३ मध्ये तो रद्द केला. त्यापायी सुमारे पन्नास कोटी कॅनेडियन डॉलर बुडाले. आणि १९९८ मध्ये त्याच सरकारने त्याच कुळातील पंधरा हेलिकॉप्टरे मागविली. काटकसर म्हणतात ती हीच काय?

खरी अडचण त्या पंधरा या आकड्यात होती. शंभर हेलिकॉप्टरांच्या ताफ्याला गिअरबॉक्सचे दहा जादा नग बाळगणे परवडते. पंधरांच्या ताफ्याला दोनही जड जातात, आणि नग नसला की हेलिकॉप्टर बसून राहते. इतक्या किरकोळ मागणीसाठी यंत्रे मांडून ठेवण्यात कारखानदारालाही रस नसतो. अंदाजपत्रकात हेलिकॉप्टर ही मालमत्ता दिसते. गोदामातील सुटा भाग मात्र अडकून पडलेला पैसा वाटतो. त्यामुळे कात्री प्रथम तेथेच लागते.

त्यातच शेपटीकडील पंख्याच्या मध्यभागी, म्हणजे चाकाच्या तुंब्यासारख्या भागात, तडे आढळले आणि उड्डाणांवर बंधने आली. २००५ मध्ये ट्रेंटनच्या तळावरील कॉर्मोरंट काढून अन्य तळांना द्यावी लागली. ट्रेंटनच्या वाट्याला आली ती लहान आणि कमी पल्ल्याची ‘ग्रिफन’. पुढल्याच वर्षी सरावात एक कॉर्मोरंट नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ कोसळून तिघे दगावले आणि ताफा चौदावर आला. उत्तर अटलांटिकच्या गारठलेल्या पाण्यात पडलेल्या माणसापाशी वेळ फार थोडा असतो. सहा महिन्यांनी येणाऱ्या भागाचा त्याला उपयोग नाही.

पैसा असूनही भाग मिळत नाही, असेही घडते. भारताने ते अनुभवले आहे. भारतीय नौदलाची ‘सी किंग’ ब्रिटनमधील वेस्टलँड कारखान्यात बांधलेली. तथापि मूळ आराखडा अमेरिकेतील सिकोर्स्की कंपनीचा, आणि काही भागही अमेरिकन. मे १९९८ मधील पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, भाग अडकले आणि ताफ्यातील बरीच हेलिकॉप्टरे जमिनीला खिळली. निर्बंध उठावयास २००१ साल उजाडावे लागले. ऑगस्ट २०११ मध्ये ‘राक कॅरियर’ हे कोळशाचे जहाज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले, तेव्हा त्यावरील तीसही जणांची सुटका झाली. त्या कामी धावून गेलेल्यांत एक ‘सी किंग’ होते.