अपिलासाठी वकील शोधताना

केज तालुक्यातल्या नांदूरघाटचा शेतकरी बांधाचा दावा केजच्या दिवाणी न्यायालयात हरला, की पारावर सल्ला ठरलेला: ‘हायकोर्टात जा!’ प्रत्यक्षात कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या निकालावर पहिले अपील जिल्हा न्यायालयात होते आणि त्याची मुदत 30 दिवस असते. तिथेही हार झाली, तर उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. मुदत 90 दिवस. हे खंडपीठ 1981 साली सुरू झाले. त्याआधी बीडकरांना मुंबई गाठावी लागे.

वकील शोधण्याआधी नक्कल मागावी. निकालाची नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. अर्ज न करता घरी बसून काढलेले दिवस होत नाहीत. जुना वकील ‘आधी फी, मग कागद’ म्हणत असेल, तर फीपोटी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितले आहे.

वकील मात्र पारखून घ्यावा. साक्षीदाराची उलटतपासणी गाजवणारा वकील अपिलातही तेवढाच चालेल, असे नाही. तिथे सारा खेळ कागदांवर असतो आणि दुसऱ्या अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावाच लागतो. म्हणून निकाल वाचायला द्यावा आणि सरळ विचारावे, ‘न्यायाधीशांचं चुकलं कुठं?’ न वाचताच ‘शंभर टक्के जिंकू’ म्हणणाऱ्याकडून उठून यावे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात टक्केवारी मागणाऱ्याकडूनही. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे.

पैसेच नसतील तर? याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळाले. माधव होस्कोट यांना बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1973 साली तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात ते पोहोचले चार वर्षांहून अधिक उशिरा, शिक्षा भोगून झाल्यावर. निकालाची प्रत हाती नव्हती, हे त्यांचे म्हणणे. 17 ऑगस्ट 1978 रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. पण त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि गरजूला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असे ठरवून दिले. होस्कोट हरले, मागून येणाऱ्यांचे भले झाले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांच्याबरोबर दुष्काळग्रस्तही मोफत वकिलाला पात्र ठरतात. बीड जिल्ह्यात हा शेवटचा शब्द फार कुणी वाचलेला दिसत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो, खंडपीठासाठी तिथे वेगळी उपसमिती आहे. चौकशीचा क्रमांक 15100.

आणि एक: नुसते अपील दाखल केल्याने खालचा निकाल थांबत नाही. समोरच्याने दरखास्त लावून ताबा घेण्याआधी स्थगितीचा अर्ज द्यायला वकिलाला सांगा.