बाळाचे दुपटे बदलायचे कोठे?

मैंदर्गीहून बाळाला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात जायचे म्हणजे आधी अक्कलकोट, मग पुढचा प्रवास. वाटेत बाळाने दुपटे ओले केले की आम्ही बायका एकच करतो : बाकावर ओढणी अंथरायची, एकीने आडोसा धरायचा, दुसरीने दुपटे बदलायचे. सोबत कुणी नसेल तर मांडीवरच उरकायचे. आपलेही कपडे ओले होतात, मग जोहरची नमाज राहून जाते. आणि बाप एकटा असेल तर? त्याला तर जागाच नाही.

घरात वेगळे टेबल नसले तरी अडत नाही. जमिनीवर गोधडी, त्यावर मेणकापड, वर सुती फडके एवढे पुरे. पलंगावर किंवा टेबलावर बदलायचे तर एक हात कायम बाळावर हवा. चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ वळू लागते आणि क्षणात खाली पडते. पाणी, फडके, कोरडे दुपटे आधीच हाताशी ठेवावे. मुलीला पुढून मागे पुसावे. साबणाने हात धुऊन मगच स्वयंपाकाला लागावे.

बाहेरची सोय मात्र समाजाने करायची असते. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या त्या आईचे नाव त्यांना दिले. पण तो कक्ष मातांसाठी, दूध पाजण्यासाठी. अमेरिकेत 2016 च्या कायद्याने केंद्र सरकारच्या इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहातही बाळाचे कपडे बदलण्याची सोय आवश्यक केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2025 मध्ये सार्वजनिक ठिकाणी स्तनपान व बालसंगोपनासाठी जागा असावी, यावर भर दिला.

हदीसमध्ये येते, की उम्मे कैस (र.) यांच्या तान्ह्या मुलाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अंगावर लघवी केली. प्रेषितांनी पाणी मागवून कपड्यावर शिंपडले, एवढेच. बाळाचे रडणे कानी आले की आईला त्रास नको म्हणून ते नमाज आटोपती घेत.

मग आपल्या शादीखान्यात, दर्ग्याच्या मुसाफिरखान्यात आपण काय ठेवले आहे? कडेला उंच काठ असलेली एक फळी, बाळाला बांधायचा पट्टा, जवळ नळ, साबण आणि झाकणाचा डबा. गावचा सुतार हे सहज करून देईल. फक्त ती फळी आईबाप दोघांनाही जाता येईल अशा जागी लावावी.