तोरिनोचं पत्र: स्वारी कशी आहे?

तोरिनोत आलो त्या आठवड्यात घरमालकीणबाईंना मी बेधडक ‘तू’ म्हणालो. बाई सत्तरीच्या. पण इटालियनमधलं ‘तू’ कानाला आपल्या ‘तू’सारखंच, अर्थही तोच, आणि शिकवणीत पहिलं पाठ झालं तेही तेच. बाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र ‘लेई’च म्हणत राहिल्या. तो टोमणा होता, हे महिन्याभराने कळलं.

‘लेई’ हे इथलं आदराचं संबोधन, पण शब्दशः अर्थ ‘ती’. अनोळखी पुरुषालाही इथे ‘ती कशी आहे?’ असंच विचारतात. दरबारी रिवाजात समोरच्याला ‘वोस्त्रा सिन्योरिया’, म्हणजे साधारण ‘आपली सरकारस्वारी’, म्हणत. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून सर्वनामही स्त्रीलिंगी. मराठी माणसाने याला हसू नये. ‘काय, स्वारी कुठे निघाली?’ असं मिशीवाल्या काकांना आपण विचारतोच की! फरक एवढाच, की आपल्याकडे क्रियापदही ‘निघाली’ होतं. इटालियन माणूस विशेषण पुरुषाचंच ठेवतो. दमलेल्या गृहस्थाला ‘लेई ए स्तांको’ म्हणायचं, ‘स्तांका’ नाही.

मुसोलिनीच्या राजवटीला हे ‘लेई’ खुपलं. परकं, स्पॅनिश, बायकी ठरवून 1938मध्ये त्याच्यावर बंदी आली आणि ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’, लादलं गेलं. ‘लेई’ नावाच्या एका महिला नियतकालिकालाही नाव बदलून ‘अन्नाबेला’ व्हावं लागलं. तिथे त्या शब्दाचा अर्थ निव्वळ ‘ती’ होता, पण हुकूम तो हुकूम! राजवट गेली आणि ‘लेई’ परत आलं. नेपल्सकडे वडीलधाऱ्यांना अजून ‘वोई’ म्हणतात, ते मात्र मुसोलिनीच्या कितीतरी आधीपासूनचं.

आल्प्स ओलांडून फ्रान्समध्ये उतरलं, की ‘वू’ भेटतं. हे सरळ आपल्या ‘तुम्ही’च्या जातीचं, अनेकवचनातून आलेलं. वापरात मात्र ते आदरापेक्षा अंतर सांगतं, असं मला वाटतं. माजी अध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत एकमेकांना ‘वू’ म्हणत. जून 2018मध्ये एका शाळकरी मुलाने अध्यक्ष माक्राँना ‘मान्यु’ अशी लाडकी हाक मारली. मला अध्यक्ष महोदय म्हणायचं, असं त्यांनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं, पण ते स्वतः ‘त्यु’, म्हणजे ‘तू’, वापरून. आणि येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत फ्रेंच कॅथलिक देवाला 1966पर्यंत ‘वू’ म्हणत होते! विठोबाला ‘तुम्ही’ म्हणणारा वारकरी कुणी पाहिलाय?

एका बाबतीत इटालियन आपल्याला फ्रेंचपेक्षा जवळची. आपण नुसतं ‘येईन’ म्हणतो, ‘मी’ लावत नाही. इथेही ‘वेन्गो’ म्हटलं की झालं. उगाच ‘इयो, इयो’ करणारा ‘मी, मी’ करणाराच वाटतो. फ्रेंचला ही चैन नाही. तिच्या क्रियापदांच्या शेपट्या कागदावर उरल्या, तोंडातून गळाल्या. ‘पार्ल’ हा एकच उच्चार मी, तू, तो, ते अशा सगळ्यांना चालतो. मग बोलतंय कोण, हे सर्वनामाशिवाय कळणार कसं?

‘लेई’वरून ‘तू’वर यायचं आमंत्रण सहसा वयाने मोठ्या माणसाने द्यायचं: ‘दियामोची देल तू’. मालकीणबाईंनी ते मला दीड वर्षाने दिलं. इकडे येणार असाल तर ‘लेई’नेच सुरुवात करा, आणि वाट पाहा.