कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीजांडकोशाचा विकार

मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस दिसू लागतात, मुरुमे हटत नाहीत, वजन वाढत जाते. अशा वेळी पुष्कळ घरांत पहिली चिंता वाटते ती तिच्या लग्नाची. प्रकृतीची आठवण मागाहून होते. वास्तविक ही सारी लक्षणे एकाच विकाराची असू शकतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या तपासणीवरून त्याचे वर्णन केले. आज तो ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. बीजांडकोशात दिसणाऱ्या गाठी या खऱ्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका होत.

या विकारात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण बहुधा वाढलेले असते. रक्तातील इन्सुलिन वाढले की बीजांडकोश ती अधिकच तयार करतो. आता ही संप्रेरके शरीर बनविते कशापासून? कोलेस्टेरॉलपासून! मग कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध येथेही उपयोगी पडेल काय, असा प्रश्न संशोधकांना पडला, तो साहजिकच होता.

या औषधांना ‘स्टॅटिन’ म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ साली एका बुरशीत त्यांचा पहिला नमुना सापडला. कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर ती रोखून धरतात. प्रयोगशाळेत बीजांडकोशाच्या पेशींवर हे औषध घातले असता पुरुषी संप्रेरकांची निर्मिती मंदावल्याचे आढळले.

पुढे रुग्णांवर प्रयोग झाले. इंग्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चाळीस स्त्रियांपैकी काहींना बारा आठवडे रोज २० मिलिग्रॅम अॅटोर्व्हास्टॅटिन व इतरांना औषधविरहित गोळी दिली. औषध घेणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले. परंतु रक्ताच्या अहवालातील आकडा सुधारणे वेगळे आणि बाईला बरे वाटणे वेगळे. २०११ साली कॉक्रेन संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र पडताळून पाहिल्या. पाळी नियमित होते, बीज आपोआप सुटते, केस वा मुरुमे कमी होतात, असा भरवशाचा पुरावा त्यांत मिळाला नाही. शिवाय २०१३ च्या एका फिनिश चाचणीत अॅटोर्व्हास्टॅटिनमुळे शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद उलट बिघडलेला दिसला. ज्या विकाराचे एक मूळच इन्सुलिनमध्ये आहे, तेथे ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक विवाहितेने ध्यानात ठेवावी. गर्भाच्या वाढीला कोलेस्टेरॉल लागते. म्हणून गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला डॉक्टर सामान्यतः ही गोळी बंद करावयास सांगतात. घरातील वडीलधाऱ्यांसाठी आणलेल्या पाकिटातून मुलीला गोळी काढून देणे हे तर सर्वस्वी गैर.

मग या औषधाला येथे स्थानच नाही काय? आहे, ज्या रुग्णेचे कोलेस्टेरॉल खरोखरच वाढलेले आहे, तिच्या हृदयाच्या रक्षणासाठी, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एरवी उपचारांची वाट जुनीच आहे. रोजचे चालणे, बेताचा आहार आणि, स्थूलता असल्यास, थोडेसे वजन उतरविणे यांनीही अनेकींची पाळी मार्गावर येते. गरजेप्रमाणे डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन देतात. मूल हवे असल्यास बीज सुटण्यासाठी निराळी औषधे आहेत, आणि त्यांनी पुष्कळ जणींची कूस उजवते. तेव्हा मुलीला दोष न देता, आणि शेजारणीच्या गोळीचा मोह न धरता, तिला वेळीच तज्ज्ञांकडे न्यावे, यातच तिचे हित आहे.