बुटक्या सरडगुहिऱ्याचें घर

सरडगुहिरा म्हटला कीं, फांदीवर डुलत चालणारा, रंग पालटणारा आणि शरीराएवढी लांब जीभ फेकून किडा टिपणारा प्राणी डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ह्या कुळांत बोटाएवढे लहान प्राणीही आहेत. पूर्व आफ्रिकेंत टांझानियाच्या उसंबारा व उलुगुरू डोंगरांतील अरण्यांत राहणारा दाढीवाला बुटका सरडगुहिरा हा त्यांपैकींच एक. त्याची लांबी सुमारें ८ सेंटिमीटर, शेपूट आंखूड व रंग वाळलेल्या पानासारखा. यूरोप-अमेरिकेंतील हौशी लोक तो घरीं पाळतात. पण त्याचें घर कसें असावें हें न जाणल्यामुळें अनेकदां तो लवकर दगावतो.

पिंजरा करतांना तो पळून जाणार नाहीं ना, एवढीच चिंता बहुतेक करतात. आंत त्याला लपतां येईल काय, ही चिंता त्याहून मोठी असावयास हवी. हा प्राणी दिवसा पालापाचोळ्यांत व खालच्या झुडपांत वावरतो आणि रात्रीं बारीक काडीवर झोपतो. उघड्यावर ठेवल्यास भीतीनेंच तो खंगतो.

एका नर-मादीच्या जोडीस लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारें ४५ सेंटिमीटर अशी काचेची पेटी पुरते. वर बारीक तारेची जाळी बसवावी, म्हणजे हवा खेळती राहते. तळाशीं खडे, त्यांवर माती व वाळलेलीं पानें पसरावीं. मादी मातींतच अंडीं घालते. कीटकनाशक न मारलेलीं नेच्यासारखीं जिवंत झाडें व पेन्सिलीहून बारीक काड्या लावाव्या. दोन नर एकत्र ठेवूं नयेत.

उष्णता हा ह्या प्राण्याचा मोठा शत्रु होय. दिवसा २० ते २४ अंश सेंटिग्रेड व रात्रीं त्याहून थोडी कमी उष्णता त्यास मानवते. काचेच्या पेटीवर ऊन पडलें तर आंतील हवा थोड्याच वेळांत भट्टीसारखी तापते. म्हणून ती खिडकीच्या उन्हांत कधींही ठेवूं नये. उष्णतामापक आंत लावणें हिताचें.

वाटींतील पाणी बहुधा त्याच्या ध्यानांत येत नाहीं. पानांवरचे थेंब चाटून तो तहान भागवितो. म्हणून सकाळसंध्याकाळ पानांवर पाण्याचे तुषार उडवावे. डोळे खोल गेलेले दिसले तर पाणी कमी पडत आहे असें समजावें. खाण्यास फळमाश्या व रातकिड्यांचीं पिल्लें द्यावीं. त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा किडा देऊं नये. किड्यांवर चुनखडीची शुद्ध पूड अधूनमधून भुरभुरावी, नाहींतर हाडें मऊ पडतात. उरलेले रातकिडे रात्रीं काढून घ्यावे. झोपलेल्या प्राण्यास ते चावतात.

हीं पथ्यें पाळणें ज्यास शक्य नाहीं, त्यानें हा प्राणी घेऊंच नये. २०१७ पासून ह्या जातीच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानें बंधनें घातलीं आहेत. आपल्याकडील सरडगुहिऱ्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. तो फांदीवर दिसला तर दुरून पाहून समाधान मानावें. त्यास अरण्याहून चांगलें घर कोणासही बांधतां येणार नाहीं.