'टू मीट' की 'टू मीटिंग'?

नोकरीच्या अर्जाखाली मी कित्येक वर्षं 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' असं लिहायचो. चूक! तिथे 'टू मीटिंग यू' हवं. कानाला खटकतं ना? शाळेत घोकलंय, 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप. पण हा 'टू' वेगळा, आपल्या 'कडे'सारखा शब्दयोगी. 'भेटण्याकडे डोळे लागलेत' म्हणतो, तसा.

शंका आली तर 'टू'पुढे नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' चालतं, म्हणून पुढे 'मीटिंग'. 'वॉन्ट टू युअर रिप्लाय' चालत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'.

'यूज्ड टू' मात्र दुतोंडी. 'आय यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे पूर्वी गाडी चालवायचो. 'आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग' म्हणजे चालवायची सवय आहे. ड्रायव्हरच्या नोकरीचा अर्ज असेल, तर हे दोनदा तपासा!